एका जागी उभं राहण्याची कसरत

खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत जे छापलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता: उडवायला तयार. सोल्डरिंग नको, जोडाजोड नको. बॅटरी चार्ज करा, चार पंखे बसवा, उडवा. 2013 च्या दिवाळीनंतर परदेशातून आलेल्या मावसभावाने ते खोकं माझ्या हातात ठेवलं आणि मी त्या शब्दांवर भाबडेपणाने विश्वास ठेवला. पुढच्याच शनिवारी पहाटे पुण्याहून निघून वाईजवळ मामांच्या शेतावर पोहोचलो. सोयाबीन निघून गेलं होतं, एक रान मोकळं पडलं होतं. एका बाजूला गहू उगवून आलेला, दुसऱ्या बाजूला उभा ऊस, मधे विहीर.

पहिलं उड्डाण चाळीस सेकंदांचं झालं. डावी काडी वर सरकवली तसं यंत्र धुळीचा लोट उठवत डोक्याच्या वर गेलं आणि मग कुणीतरी बोलावल्यासारखं विहिरीकडे निघालं. उजवी काडी उलट ओढली, तर ते तितक्याच उत्साहाने बांधाकडे पळालं. पुन्हा विहीर, पुन्हा बांध. शेवटी मी ते कसंबसं ढेकळांवर आदळवलं. मामा बांधावर बसून तंबाखू मळत होते. म्हणाले, "एवढ्या पैशाची वस्तू आन् एका जागी थांबंना व्हय रं?"

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर मिळायला मला तो अख्खा हिवाळा लागला.

तळहातावरची काठी

लहानपणी आपण तळहातावर काठी उभी धरायचो. काठी स्थिर दिसायची, पण हात एक क्षणही स्थिर नसायचा. काठी जिकडे कलेल तिकडे हात सरकवायचा, पुन्हा मागे घ्यायचा. चार पंख्यांचा ड्रोन ही अशीच काठी आहे. विमानाचे पंख आणि शेपूट त्याला वाऱ्यात आपोआप सरळ ठेवायला मदत करतात. ड्रोनला तशी मदत नाही. मोटरी सारख्या फिरवून सोडून दिल्या तर काही क्षणांत तो उलटा होईल.

त्याची रचना मात्र विलक्षण साधी आहे. कर्णाच्या टोकांवरचे दोन पंखे घड्याळाच्या दिशेने फिरतात, उरलेले दोन उलट. त्यामुळे त्यांचे पीळ एकमेकांना मारतात आणि अंग गरगरत नाही. मागचे दोन पंखे थोडे वेगाने फिरवले की यंत्र पुढे कलतं आणि पुढे जातं. उजवीकडचे वाढवले की डावीकडे. जागच्या जागी वळायचं असेल तर एका कर्णावरची जोडी वेगाने आणि दुसरी हळू, म्हणजे पीळ शिल्लक राहतो आणि अंग फिरतं. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचं तिरपं होणारं पातं नाही, कप्पी नाही, सुकाणू नाही. सगळं काम चार मोटरींच्या वेगातल्या फरकावर चालतं, आणि तो फरक सेकंदाला शेकडो वेळा नव्याने ठरवावा लागतो.

उभं राहणं हे असं अखंड काम असल्यामुळे ते महागही पडतं. माझी बॅटरी 11.1 व्होल्ट आणि 2200 मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे 24 वॅट-तासांची. घरातला 75 वॅटचा छताचा पंखा एवढ्या विजेवर वीसेक मिनिटं चालेल. माझं यंत्र कॅमेऱ्यासकट आठ मिनिटं उडायचं, तेही शेवटचा पाचवा हिस्सा राखून. लिथियम पॉलिमरच्या प्रत्येक सेलचा दाब पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट असतो. तो 3 च्या खाली गेला की सेल कायमचा दुखावतो. उडवायचं नसेल तेव्हा 3.8 च्या आसपास ठेवायचा. मी भरलेली बॅटरी महिनाभर कपाटात ठेवली आणि ती पुरीसारखी फुगली. ती शिकवणी बॅटरीच्या किमतीला पडली.

1922 सालचे दोन रशियन

चार पंख्यांवर उडायची कल्पना नवी नाही. जॉर्ज दे बोथेझात हा रशियातून अमेरिकेत आलेला शास्त्रज्ञ. त्याने अमेरिकी सैन्यासाठी चार मोठ्या पंख्यांचं हेलिकॉप्टर बांधलं आणि डिसेंबर 1922 मध्ये ओहायोतल्या डेटनजवळ ते पावणेदोन मिनिटं जमिनीपासून थोडंसं वर तरंगलं. नंतर त्याची शंभराहून अधिक उड्डाणं झाली, तरीही सैन्याने तो नाद सोडला. यंत्र फार किचकट होतं आणि चालवणाऱ्या माणसावर फार ताण येत होता. तळहातावरची काठी सांभाळायला माणसाचे हात कमी पडत होते.

गंमत म्हणजे त्याच 1922 साली रशियातूनच अमेरिकेत आलेल्या दुसऱ्या एका माणसाने काठी सांभाळायचं गणित मांडलं. निकोलस मिनोर्स्की नौदलासाठी काम करत होता. जहाज आपोआप सरळ कसं चालवता येईल, हा त्याचा प्रश्न. त्यासाठी त्याने कसलेल्या सुकाणूवाल्यांकडे पाहिलं. चांगला सुकाणूवाला जहाज आत्ता किती भरकटलंय एवढंच बघत नाही. ते किती वेळापासून भरकटलंय आणि किती वेगाने भरकटतंय, हेही तो लक्षात घेतो आणि तिन्हींचा हिशोब करून चाक फिरवतो. मिनोर्स्कीने या तीन गोष्टी समीकरणात बसवल्या. आज कारखान्यातल्या भट्टीपासून ड्रोनपर्यंत तेच तीन पदांचं सूत्र चालतं. उडवणारे त्याला पीआयडी म्हणतात.

यंत्र तयार होतं, गणितही तयार होतं, पण दोघांची गाठ पडायला नव्वद वर्षं गेली. मधे कमी होती ती हलक्या, स्वस्त इंद्रियांची. ती मोबाइलने पुरवली. सिलिकॉनच्या चिपवर थरथरणारं एक सूक्ष्म वजन ठेवायचं. चिप वळली की कोरिओलिस बलामुळे ते वजन बाजूला ढकललं जातं आणि त्यावरून वळण मोजता येतं. हा असला जायरोस्कोप 2010 मध्ये आयफोन 4 मध्ये आला आणि मग सगळीकडे पसरला. त्याच वर्षी पॅरट या फ्रेंच कंपनीने फोनवरून चालणारा एआर ड्रोन दाखवला. 2013 पर्यंत जीपीएस असलेली, कारखान्यातूनच जोडून येणारी यंत्रं दुकानांत आली होती. माझं त्यांपैकीच एक.

पाच साक्षीदार

यंत्राच्या पांढऱ्या डबीत पाच साक्षीदार बसलेले असतात. जायरो सांगतो, आपण वळतोय का. त्वरणमापक सांगतो, खाली कुठे आहे. होकायंत्र सांगतं, नाक कोणत्या दिशेला आहे. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर उंची सांगतो. आणि जीपीएस सांगतं, आपण पृथ्वीवर कुठे आहोत, तेही दोन-अडीच मीटर इकडेतिकडे धरून. डबीतला छोटा संगणक पाचही साक्षी ऐकतो आणि निकाल देतो.

पहिल्या दिवशी विहिरीकडे पळण्याचं कारण साधं होतं. जीपीएसला पुरेसे उपग्रह सापडायच्या आतच मी उतावीळपणे उडवलं. साक्षीदार हजर नव्हता. बाकीचे चौघे यंत्राला आडवं ठेवू शकत होते, उंचीही धरू शकत होते, पण ते वाऱ्याबरोबर वाहतंय हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. वाहत्या होडीत डोळे मिटून बसलेल्या माणसाला होडी स्थिरच वाटते. पुढच्या वेळी मी दिवा हिरवा होईपर्यंत थांबलो आणि यंत्र खरोखर थांबलं. "आता कसं?" मी मामांना विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण तंबाखूची डबी खिशात ठेवून उभे राहिले.

सहावा साक्षीदार मी स्वतः होतो आणि सगळ्यांत बेभरवशाचा तोच. यंत्राची शेपूट माझ्याकडे असेल तोवर सगळं ठीक. नाक माझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं व्हायचं. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो, तसंच. डोक्याला हे कळतं, अंगठ्याला कळत नाही. म्हणून आठवडाभर मी फक्त एक व्यायाम केला: चार ढेकळांचा चौकोन आखायचा, त्याच्या कडेने यंत्र फिरवायचं आणि प्रत्येक कोपऱ्यावर नाक वळवायचं. आधी कमरेच्या उंचीवर, मग डोक्यावर. काडी अंगठ्याने ढकलण्याऐवजी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली की हात कमी थरथरतो, हे त्यातच सापडलं.

स्लॅबवरची चूक

रानात धूळ फार उडते म्हणून एकदा मी मामांच्या घराच्या स्लॅबवरून उडवायचं ठरवलं. जागा स्वच्छ, सपाट. तिथेच होकायंत्राचं कॅलिब्रेशन केलं. यंत्र हातात आडवं धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, मग त्याचं नाक खाली करून दुसरी. शेजारची पोरं हसत होती.

यंत्र वर गेलं, थांबलं आणि मग एक लहानसं वर्तुळ घेऊ लागलं. वर्तुळ मोठं होत गेलं, वेग वाढत गेला. जगभरचे हौशी उडवणारे याला 'टॉयलेट बोल' म्हणतात, कमोडमधलं पाणी गोल फिरत खाली जातं तसं. कारण स्लॅबमध्येच होतं. काँक्रीटच्या आत लोखंडी सळ्यांची जाळी असते. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जेमतेम 0.4 गाऊस, म्हणजे फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकापुढे नगण्य. जवळचं लोखंड त्याला सहज फितवतं. माझ्या होकायंत्राला खोटी दिशा हीच खरी म्हणून शिकवली गेली होती. यंत्र उत्तरेला सरकलं की जीपीएस म्हणायचं, दक्षिणेला चल. पण दक्षिण कुठे, हे चुकीचं ठाऊक. मग ते तिरकं जायचं, ती चूक सुधारायला पुन्हा तिरकं, आणि अशा तिरक्या पावलांचंच वर्तुळ होतं. दोन साक्षीदार आपापल्या परीने प्रामाणिक होते, तरी निकाल चुकत होता.

उपाय सोपा असतो: कळ फिरवून जीपीएस बाजूला काढायचं आणि हाताने उतरवायचं. तो मला दोन सेकंद उशिरा आठवला. यंत्र उसात शिरलं. ज्याने उभ्या उसात काही शोधलंय त्याला सांगायला नको; पाचटाच्या करवतीसारख्या कडा हातातोंडावर ओरखडे काढतात आणि चार पावलांवरचं दिसत नाही. तासाभराने, तिन्हीसांजेला, पाल्याआड लाल दिवा लुकलुकताना सापडला. दोन पाती तुटली होती, बाकी शाबूत. तेव्हापासून कॅलिब्रेशन मातीवर, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या लांब ठेवून, लोखंडी खाटेपासून दूर.

ऊस मऊ होता. खाली माणूस असता तर? किलोभर वजन वीस मीटरवरून पडलं की जमिनीशी येईपर्यंत त्याचा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात जातो. ही भीती मला एकट्यालाच नव्हती. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सूचना काढून खासगी ड्रोन उडवणं थांबवलं, आणि माझं यंत्र कपाटात गेलं. मग डिसेंबर 2018 पासून पहिले सविस्तर नियम लागू झाले आणि ऑगस्ट 2021 मध्ये ते सुटसुटीत होऊन ड्रोन नियम आले. आता आकाशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत विभागलेला आहे. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत उडवता येतं. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांजवळ नाही. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला, आणि धंद्यासाठी नसलेल्या मायक्रोला, पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण ड्रोनला स्वतःचा ओळख क्रमांक हवा. नियम बदलत राहतात, म्हणून नवशिक्याने खोकं फोडण्याआधी नकाशा उघडावा.

स्वतःच्याच वाऱ्यात

आता पुन्हा त्या हिवाळ्यात. बॅरोमीटरची खोडी वाऱ्याच्या दिवशी कळली. एक मीटर वर गेलं की हवेचा दाब साधारण 12 पास्कलने कमी होतो. समुद्रसपाटीला एकूण दाब एक लाखाच्या वर. इतका बारीक फरक मोजणाऱ्या साक्षीदाराला फसवणं सोपं असतं. डबीच्या फटीवरून वारा सुटला की आतला दाब किंचित उतरतो, यंत्राला वाटतं आपण वर गेलो आणि ते मुकाट्याने खाली येतं. वेगाने पुढे नेऊन थांबवलं की दरवेळी ते हातभर बसायचं, ते याचमुळे. बॅरोमीटरवर स्पंजचा छोटा तुकडा लावला की त्याची मान थोडी स्थिर होते.

दुसरी गोष्ट जास्त घाबरवणारी होती. उंचावरून सरळ खाली आणताना यंत्र अचानक भेलकांडायचं, दगडासारखं दोन-तीन मीटर खचायचं. मला वाटलं मोटर गेली. दोष मोटरीचा नव्हताच. आठ इंची चार पंख्यांनी किलोभर वजन पेलायचं तर त्यांतून जाणारी हवा सेकंदाला पाच-सहा मीटर वेगाने खाली ढकलावी लागते. यंत्रच जर जवळपास तशाच वेगाने खाली आलं, तर ते स्वतःच ढकललेल्या हवेत उतरतं. पंख्यांच्या कडेने हवा वर येऊन पुन्हा पंख्यांतच शिरते, कंकणासारखी वावटळ तयार होते आणि पाती नुसती हवा घुसळत राहतात. अशा वेळी घाबरून जोर वाढवला तर घुसळण वाढते. पुढे ढकलायचं, म्हणजे यंत्र ताज्या हवेत जातं. तेव्हापासून मी सरळ खाली उतरत नाही; घाटातल्या रस्त्यासारखं तिरकं, वळणं घेत उतरतो.

खरवस

डिसेंबर संपता संपता यंत्र माझं ऐकायला लागलं. मग पोटाखाली कॅमेरा लावला. संध्याकाळी मोठ्या अपेक्षेने लॅपटॉपवर चित्रीकरण लावलं, तर पांडवगड खरवसासारखा थुलथुलत होता. डोंगराच्या कडा लाटांसारख्या हलत होत्या, विजेचा खांब सापासारखा वळवळत होता. मामी म्हणाल्या, "भूकंप झाला का काय?"

असा कॅमेरा अख्खं चित्र एका क्षणात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत तो एकेक ओळ वाचत जातो आणि त्याला सेकंदाचा पन्नासावा-साठावा भाग लागतो. पंखे मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास. चित्राच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत जाईतो कॅमेरा एकदा-दोनदा डावी-उजवीकडे हललेला असतो आणि प्रत्येक ओळ थोडी वेगळ्या जागी पडते.

मूळ दुखणं पंख्यांच्या तोलात होतं. पंखा बारीक दांडीत घालून दोन चुंबकांच्या मधे अधांतरी धरला की जड पातं खाली जातं. हलक्या पात्याच्या पाठीवर सेलोटेपचा बारीकसा तुकडा चिकटवायचा आणि पंखा कुठेही सोडला तरी तिथेच थांबेपर्यंत टेप कमीजास्त करायची. कारखान्यातून आलेल्या चार पंख्यांपैकी एकही तोलात नव्हता. मग कॅमेऱ्याच्या पट्टीखाली रबरी गोळ्यांच्या जागी कानात घालायचे फोमचे बोळे लावले. थरथर त्यांच्यात मुरते. शेवटी भिंगावर काळपट काच बसवली. प्रकाश कमी झाला की कॅमेरा प्रत्येक ओळ जास्त वेळ उघडी ठेवतो आणि उरलेली थरथर नुसती किंचित पुसट होऊन जाते. तीन उपाय, एकूण खर्च एका सिनेमाच्या तिकिटाइतका.

तरी एक झुलणं उरलंच. लाटा गेल्या, पण चित्र हळूहळू डोलत होतं. हे मिनोर्स्कीच्या सुकाणूवाल्याचं काम होतं. यंत्राला चूक दिसल्यावर ते किती जोराने सुधारतं, तो जोर म्हणजे गेन. कारखान्याने तो कॅमेऱ्याशिवायच्या अंगासाठी ठरवला होता. पोटाखाली वजन टांगल्यावर तोच जोर अपुरा पडला. यंत्र संगणकाला जोडून एका वेळी एकच आकडा दहा टक्क्यांनी वाढवायचा, उडवून बघायचं, वहीत लिहायचं. फार कमी असला की यंत्र दारू प्यायल्यासारखं डुलतं. फार जास्त झाला की थंडी वाजल्यासारखं बारीक थरथरतं. थरथर सुरू झाली की एक पायरी मागे यायचं. पुढे-मागे, डावं-उजवं, वळणं, उंची: चार आकडे, तीन शनिवार, वहीची सहा पानं. मधे एकदा घारीने वरून झडप घातली, तेव्हा मी तत्काळ उतरवलं. आकाशात तिचा हक्क जुना आहे.

गव्हाचा पट्टा

फेब्रुवारीच्या एका सकाळी वारा पडला होता. मी यंत्र गव्हावर तीस मीटर वर नेलं, काड्या सोडल्या आणि हात पाठीमागे बांधले. ते उभं राहिलं. कुणी खुंटीला टांगावं तसं. दोन मिनिटं काहीही घडलं नाही, आणि त्या दोन मिनिटांत चार मोटरींनी हजारो वेळा वेग बदलला होता.

संध्याकाळी मामा लॅपटॉपसमोर बसले. गड, कृष्णेचं वळण, मेणवलीकडची झाडी, यातलं काहीच त्यांनी विशेष पाहिलं नाही. वावर आलं तेव्हा मात्र त्यांनी बोट पडद्यावर टेकवलं. हिरव्या गव्हातून फिकट पिवळा एक सरळ पट्टा गेला होता. बांधावरून तो कधीच नजरेत भरला नव्हता. खरवसासारख्या थरथरत्या चित्रात तर तो दिसलाच नसता.

"हितनं पायपाची लाइन गेलीया," मामा म्हणाले. "वरची माती खाली अन् खालची मुरमाड वर आली असंल खांदताना." मग बराच वेळ ते त्या पट्ट्याकडे बघत राहिले. माझी सहा पानांची वही, सेलोटेपचे तुकडे, कानातले बोळे, यांतलं काही त्यांना सांगायची गरज मला उरली नव्हती.

उठता उठता ते म्हणाले, "उद्या जरा वरच्या तुकड्यावर थांबीव की त्याला."